पुरुषांच्या वाट्याची सुई

तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन 2017 पासून सरकारी दवाखान्यांत मोफत मिळू लागले आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातही कुटुंब नियोजनाची आणखी एक जबाबदारी बाईच्याच अंगावर आली.

पुरुषांसाठीच्या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या इतिहासातील सुरुवातीची दशके भरभर ओलांडावीत अशीच आहेत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वृषणांना चालना देणारी संप्रेरके रोखते आणि शुक्रजंतूंची निर्मिती आटते, हे तत्त्व जुनेच आहे. पण 1976-77 या आणीबाणीच्या वर्षात देशात सुमारे 62 लाख पुरुषांची नसबंदी झाली, त्या सक्तीचा राग मतपेटीतून व्यक्त झाला आणि धास्तावलेल्या शासनाने आपला मोर्चा स्त्रियांकडे वळवला.

रेंगाळावे असे दशक त्यानंतरचे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत 'सर्च' संस्थेचे काम सुरू केले. तेथील दोन गावांतील 650 स्त्रियांच्या तपासणीत 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे त्यांनी 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवले. याच नियतकालिकात पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेची सात देशांतील चाचणी प्रसिद्ध झाली. तीत पुरुषांना दर आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन टोचले जाई. ज्यांचे शुक्रजंतू शून्यावर आले, अशा 157 जणांनी वर्षभर केवळ या इंजेक्शनवर विसंबण्याचे ठरवले आणि त्या काळात एकच गर्भधारणा झाली. बाईचे दुखणे आणि पुरुषासाठीचा उपाय असे लागोपाठ जगापुढे आले, परंतु धोरणकर्त्यांनी त्यांची सांगड घातली नाही. पुढे शेरिंग आणि ऑर्गेनॉन या कंपन्यांनीही या संशोधनातून काढता पाय घेतला.

2008 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या चाचणीत, जिचे एक केंद्र भारतात होते, 320 पुरुषांना टेस्टोस्टेरॉनसोबत नेट-एन, म्हणजे स्त्रियांसाठी बनवलेले संप्रेरक, दर आठ आठवड्यांनी देण्यात आले; मनःस्थितीतील चढउतार, मुरुमे इत्यादी दुष्परिणामांमुळे सुरक्षा समितीच्या शिफारशीवरून 2011 मध्ये इंजेक्शने थांबली, मात्र तीन चतुर्थांशांहून अधिक पुरुष ही पद्धत वापरण्यास राजी होते. त्याच नेट-एनच्या स्त्रियांवरील वापराविरुद्ध भारतातील स्त्री संघटनांना 1986 मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात जावे लागले होते.

पुरुष तयार होत नाहीत, ही सबब चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत तरी टिकत नाही. राज्यात पुरुष नसबंदी नावापुरती उरली असताना येथे तिचे प्रमाण सरासरीहून ठळकपणे अधिक राहिले. धानाच्या रोवणीत दिवसभर वाकणाऱ्या बाईला पोटावरच्या शस्त्रक्रियेनंतर घरी बसवण्यापेक्षा पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया घराला परवडते, हा हिशेब येथे कुणाला शिकवावा लागत नाही. खांद्यावर रोज लावायच्या संप्रेरक जेलच्या चाचण्या 2018 पासून परदेशांत सुरू झाल्या. ते औषध कधी बाजारात आलेच, तर त्याच्या सरकारी वाटपाची सुरुवात पुरुषांनी आधीच होकार दिलेल्या या जिल्ह्यांतून व्हावी.