सहा वाजेपर्यंत लेकरू कोणाकडे?

पहाटे 5

घाटंजी तालुक्यातलं एक कोरडवाहू गाव. कापसाची शेवटची वेचणी चालू आहे. उद्या 26 जानेवारीची ग्रामसभा, म्हणून आज महिला सभा. जिच्यासोबत मी दिवसभर राहणार आहे ती वेचणीची मजूर. भाकरी थापता थापता ती सांगते, "सभा अकराले ठेवत होते. तवा आमी वावरात रायतो. मंग कोन येईन सभेले?" तिनं आणि शेजारच्या बायकांनी ग्रामसेवकाला गाठून वेळ संध्याकाळी सातची करून घेतली. प्रत्येक ग्रामसभेआधी बायकांची सभा व्हावी, असं कायदा सांगतो. तिची वेळ मात्र या बायकांनाच मागून घ्यावी लागली.

सकाळी 7

बायका वावराकडे निघतात. तिचा साडेतीन वर्षांचा मुलगा अजून झोपेत आहे. नऊ वर्षांची बहीण त्याला उठवेल, अंगणवाडीत पोचवेल आणि मग शाळेत जाईल. सासूही वेचणीलाच.

सकाळी 10

कमरेला ओटी बांधून बायका ओळीनं सरकतात. मजुरी किलोवर, त्यामुळे लेकरासाठी थांबलं की माप घटतं. 2017 साली प्रसूतीची रजा 26 आठवडे झाली, 50 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं झालं. चांगलाच कायदा. पण रोजानं दुसऱ्याच्या वावरात जाणारीला ना रजा, ना पाळणाघर. तिच्या वाट्याला मातृवंदना योजनेचे, पहिल्या बाळंतपणाचे 5,000 रुपये. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात कामावर पाच किंवा जास्त लहान लेकरं असली, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमण्याची तरतूद केली होती. म्हणजे ही गरज सरकारला माहीत नव्हती असं नाही. खासगी वावराला ती तरतूद लागू नव्हती, एवढंच.

दुपारी 2

मी गावात परतते. अंगणवाडी सुटते आहे. सेविका मोबाइलवर नोंदी भरते. जुलै 2025 पासून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थी बाईचा चेहरा फोनवर जुळवावा लागतो आणि जिचा चेहरा जुळवायचा ती दुपारी वावरात असते. सेविका म्हणते, "लेकरं दोनले सुटतात, माय सहाले येते. मंधातले चार घंटे कोनाचे?"

तीही आईच आहे. राज्यभरातल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांचा संप 4 डिसेंबर 2023 ला सुरू झाला आणि 52 दिवस चालला. मानधनवाढ, निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी या मागण्या होत्या. ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2022 मध्येच मान्य केला होता. संप नेमका ऐन वेचणीत आला. माझ्या सोबतिणीच्या शेजारणीची थोरली मुलगी त्या दिवसांत शाळा सोडून भावाजवळ बसली होती. तरी शेजारीण सेविकेला बोल लावत नाही. "तिच्या पगाराचं तिनं नाई भांडाव तं कोन भांडीन?" एकीची मजुरी दुसरीच्या मानधनावर उभी आहे, हे या बायकांना नीट कळतं. धोरण आखणाऱ्यांनाही ते कळायला हवं.

चारच्या सुमारास शाळेतून आलेली बहीण भावाला कडेवर घेऊन दारात उभी असते.

संध्याकाळी 6

काट्यावर कापूस मोजला जातो. हिशेब होतो, बायका घराकडे पळतात.

संध्याकाळी 7

ग्रामपंचायतीच्या खोलीत बायका दाटीनं बसल्या आहेत, मांडीवर पेंगणारी लेकरं. लाडकी बहीण योजनेच्या दीड हजारांवर बोलणं निघतं. त्या पैशाला खैरात म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्यातून इथं किराणा येतो, औषध येतं. पण एक म्हातारी म्हणते ते खरं आहे, "पैशानं लेकरू सांभाळाले मानूस नाई भेटत."

मग मुद्दा येतो. ग्रामपंचायतीनं उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. मागच्या वर्षी ते कशावर गेले, वाचून दाखवा, असं बायका म्हणतात. ग्रामसेवक रजिस्टर काढतो, नोंदी वाचतो. लेकरं सांभाळण्यावर त्यात एक रुपया नाही. आतापर्यंत कुणी मागितलंच नव्हतं, असं तो म्हणतो. मागायची सभा अकराला व्हायची, असं उत्तर मागून येतं.

ठरावाचा मजकूर एक बारावी झालेली सून लिहिते: वेचणीच्या हंगामात दुपारी दोन ते सहा अंगणवाडीची खोली उघडी ठेवावी, लेकरांसाठी गावातली एक बाई नेमावी, तिचं मानधन 10 टक्क्यांतून द्यावं. खोलीची परवानगी घाटंजीच्या बालविकास प्रकल्प कार्यालयाकडे मागायची, हेही त्यात येतं. मानधन किती, यावर बराच वाद होतो. वेचणीच्या रोजापेक्षा कमी दिलं तर कुणी टिकणार नाही, या मुद्द्यावर तो थांबतो. सह्या होतात, अंगठे उमटतात.

उद्याच्या ग्रामसभेत ठराव कोण मांडणार? सभा सकाळची, वेचणीला सुट्टी नाही. माझी सोबतीण उभी राहते. तिचा उद्याचा रोज बाकीच्या बायका आपल्या मजुरीतून वाटून भरतील, असं तिथंच ठरतं.