चार सुताची तोटी

सोलापुरात सूत म्हटले की गिरण्या आणि माग आठवतात. नळजोडणी करणाऱ्याच्या तोंडी मात्र सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ‘चार सुताची तोटी’ मागितली की दुकानदार अर्धा इंची पितळी तोटी पुढे ठेवतो. या तोटीच्या आट्यांना मी व्हर्नियर लावून पाहिले. बाहेरचा व्यास जवळजवळ २१ मिलिमीटर भरला. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर! हे माप तोटीचे नाहीच. ती ज्या लोखंडी नळीवर बसे, तिच्या पोकळीचे आहे, आणि तेही आता नावापुरतेच.

या कोड्याचे मूळ इंग्लंडात आहे. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी सर्व कारखान्यांसाठी एकच आटा सुचवला. त्याचा कोन ५५ अंशांचा होता. ब्रिटिश नळांनी तो कोन स्वीकारला आणि साम्राज्याबरोबर तो जगभर गेला. राज्य गेले, इंचाच्या जागी मिलिमीटर आला, तरी आटा टिकला. आपले भारतीय मानक ५५४ त्याच घराण्यातले. अमेरिकेचा आटा ६० अंशांचा. अर्ध्या इंचात दोन्हींकडे इंचाला १४ आटे असल्यामुळे एक दुसऱ्यावर चढतो, पण नीट बसत नाही आणि सांधा गळतो. म्हणून निर्यातदाराला देशागणिक वेगळा माल काढावा लागतो.

आपल्याकडच्या पितळी सुट्या भागांचे मोठे केंद्र म्हणजे गुजरातेतील जामनगर. तिथल्या भट्ट्यांना लागणारा कच्चा माल बराचसा परदेशी भंगारातून येतो. पिवळ्या पितळी भंगाराला जागतिक बाजारात ‘हनी’, म्हणजे मध, असे सांकेतिक नाव आहे. परदेशातल्या घरातून काढलेला जुना नळ इथे वितळतो आणि नवा होऊन पुन्हा जहाजावर चढतो. सीमाशुल्काच्या कागदावर पितळाला स्वतंत्र घर नाही; भंगार ७४०४ खाली आणि जोडणीचे भाग ७४१२ खाली, दोन्ही तांब्याच्याच प्रकरणात. तोटी तर ८४८१ मध्ये, यंत्रांच्या पंगतीला.

आता मुख्य मुद्दा. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. पण लेथवर झटपट कापले जावे, कीस तुटून पडावा, म्हणून त्यात साधारण दोन ते साडेतीन टक्के शिसे घालतात. भंगार वितळवले म्हणून शिसे उडून जात नाही. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याच्या जोडण्यांत पूर्वी ८ टक्क्यांपर्यंत शिसे चालत असे. ४ जानेवारी २०१४ पासून पाण्याला लागणाऱ्या पृष्ठभागांसाठी ही मर्यादा सरासरी ०.२५ टक्के झाली. त्यामुळे तिकडे जाणाऱ्या मालात शिशाऐवजी बिस्मथ किंवा सिलिकॉन घातलेले पितळ वापरावे लागते. ते महाग पडते. म्हणजे आट्याबाबत जग दोन घराण्यांत वाटले गेले, तसेच शिशाबाबतही. पण आटा चुकला तर पाणी गळून चूक दिसते. शिसे दिसत नाही, त्याला चवही नसते.

आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक शिसे चालत नाही. ते पितळातून पाण्यात उतरते, ते मुख्यतः पाणी तोटीत तासन्‌तास थांबून राहिल्यावर. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सर्वाधिक. उजनीचे पाणी काही दिवसांआड मिळणाऱ्या आमच्या शहरात ‘पहिले पाणी सोडून द्या’ असे सांगणे अवघड. पण सोडायचे म्हणजे वाया घालवायचे नव्हे. सकाळची पहिली तांब्या-दोन तांब्या धार फरशी पुसायला ठेवावी, पिण्याचे त्यानंतर भरावे.

पितळेच्या भांड्यात ताक कळकते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. म्हणून कल्हईवाल्याची वाट पाहिली जाई. तोटीला आतून कल्हई कोण करणार? निदान विकत घेताना यात शिसे किती, एवढे विचारायला हवे. गिऱ्हाईक विचारू लागले की दुकानदार घाऊक व्यापाऱ्याला विचारेल आणि तो भट्टीवाल्याला. अमेरिकेसाठी वेगळे पितळ ओतता येते, तर सोलापूरसाठीही ओतता येईल.