इ. स. १९५२ ची मद्रास विधानसभा व बहुमताचा निवाडा

सत्तारूढ पक्षाचें बहुमत गेलें म्हणजे तें दुसऱ्या कोणास तरी मिळालेंच, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु जुन्या सत्ताधाऱ्यांस नाकारणें व नवे नेमणें हीं दोन वेगळीं कृत्यें होत. मतदार पहिलें करून थांबला, तर दुसरें कोणीं करावयाचें? राज्यघटना अमलांत आल्यानंतरच्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकींत हा प्रश्न मद्रास राज्यांत तीव्रतेनें उपस्थित झाला. त्याची हकीकत येथें थोडक्यांत दिली आहे.

त्या वेळचें मद्रास राज्य तामिळ, तेलुगू, मल्याळी व कानडी अशा चार भाषांच्या जिल्ह्यांचें होतें. विधानसभेच्या जागा ३७५. बहुमतास १८८ सदस्य आवश्यक. जानेवारी १९५२ मध्यें झालेल्या निवडणुकींत काँग्रेसला १५२ जागा मिळाल्या. कम्युनिस्टांस ६२, किसान मजदूर प्रजा पक्षास ३५, टॉयलर्स पक्षास १९, कृषिकार लोक पक्षास १५, समाजवाद्यांस १३ व कॉमनवील पक्षास ६ मिळाल्या. ६२ स्वतंत्र उमेदवार निवडून आले. मुख्य मंत्री कुमारस्वामी राजा हे स्वतः पराभूत झाले.

या पराभवाचीं कारणें उघड आहेत. १९४६ सालीं मताधिकार मालमत्ता, शिक्षण इत्यादि अटींनीं मर्यादित होता. १९५२ सालीं तो सर्व प्रौढांस मिळाला. धान्याची टंचाई व नियंत्रणें यांनीं लोक त्रासले होते. स्वतंत्र आंध्र प्रांताची मागणी अपुरी राहिल्यानें तेलुगू जिल्हे असंतुष्ट होते, आणि तेथील वजनदार पुढारी टी. प्रकाशम् हे काँग्रेस सोडून गेले होते.

निकालानंतर विरोधी गटांनीं प्रकाशम् यांच्या नेतृत्वाखालीं संयुक्त आघाडी स्थापून १६६ सदस्यांच्या पाठिंब्याचा दावा केला. हा आंकडा काँग्रेसपेक्षां मोठा, तरी १८८ पेक्षां लहानच. म्हणजे निर्विवाद हक्क कोणाचाच नव्हता. राज्यपाल श्रीप्रकाश यांनीं चक्रवर्ती राजगोपालाचारी यांस पाचारण केलें व ता. १० एप्रिल १९५२ रोजीं ते मुख्य मंत्री झाले. (हेच श्रीप्रकाश पुढें १९५६ मध्यें मुंबई राज्याचे व १९६० मध्यें महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल झाले.)

या निमंत्रणाचें समर्थन करतां येतें. आघाडी निकालानंतर जमलेली होती. मतदारानें तिला आघाडी म्हणून पाहिलेंच नव्हतें. सरकारिया आयोगानेंहि १९८८ च्या अहवालांत सर्वांत मोठ्या पक्षाचा क्रम निवडणुकोत्तर आघाडीच्या आधीं लाविला आहे. खरा आक्षेप निराळा आहे. राजाजी विधानसभेस उभेच राहिले नव्हते. राज्यपालांनीं त्यांस विधान परिषदेवर नामनियुक्त केलें. कलम १७१ अन्वयें अशी नियुक्ति साहित्य, शास्त्र, कला, सहकारी चळवळ व समाजसेवा यांतील जाणकारांसाठीं आहे. राजाजी नामांकित ग्रंथकार होते, त्यामुळें कलमाचें अक्षर पाळलें गेलें. हेतु मात्र पाळला गेला नाहीं. कलम १६४ प्रमाणें सदस्य नसलेल्या मंत्र्यास सहा महिन्यांची मुदत असतेच. त्या मुदतींत पोटनिवडणूक लढवून येण्याचा मार्ग मोकळा होता.

दुसरा आक्षेप काळाचा. सभागृहानें विश्वास दिला तो ता. ३ जुलै रोजीं, २०० विरुद्ध १५१ मतांनीं. म्हणजे बारा आठवड्यांनंतर. मध्यंतरीं कॉमनवील पक्षाचे माणिक्कवेलु नायकर मंत्रिमंडळांत आले होते व टॉयलर्स पक्षाचा पाठिंबा मिळाला होता. बहुमतानें सत्ता दिली असें न होतां सत्तेनें बहुमत जमविलें, ही टीका त्यामुळें खोडून काढणें कठीण जातें.

बहुमताची परीक्षा सभागृहांतच व्हावी, हें तत्त्व सर्वोच्च न्यायालयानें १९९४ च्या बोम्मई खटल्यांत दृढ केलें. त्याचा उपयोग गोव्यांत दिसला. तेथें २०१७ सालीं सत्तारूढ भारतीय जनता पक्ष ४० पैकीं २१ जागांवरून १३ वर आला व काँग्रेसला १७ जागा मिळाल्या. तरी निवडणुकोत्तर पाठिंब्यावर मनोहर पर्रीकर यांचा शपथविधि ता. १४ मार्च रोजीं झाला. येथें निमंत्रणाचा क्रम मद्रासच्या अगदीं उलट होता. परंतु न्यायालयाच्या आदेशानें ता. १६ रोजींच मतदान होऊन २२ विरुद्ध १६ असा निर्णय लागला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कोणास आधीं बोलवावें याविषयीं मतभेद राहतील. मात्र बोलावल्यापासून मतमोजणीपर्यंतचा काळ जितका लांबेल, तितका मतदाराचा निवाडा बंद दाराआड बदलण्यास वाव मिळतो. मद्रासच्या प्रकरणाचें महत्त्व त्या बारा आठवड्यांत आहे.