भाव कळला म्हणजे भाव मिळाला?

२०१५-१६च्या कृषिगणनेनुसार देशातले ८६ टक्के खातेदार अल्प किंवा अत्यल्प भूधारक आहेत, म्हणजे पाच एकरांच्या आतले. डिजिटल शेतीचे गोडवे त्यांच्याच नावाने गायले जातात आणि ‘दोन एकरांत कसलं आलंय डिजिटल’ हा टोमणाही त्यांनाच बसतो. दोन्हींत थोडे तथ्य आहे आणि बरेच गैरसमज.

गैरसमज : बाजारभाव मोबाइलवर कळले की शेतकऱ्याला चांगला दर मिळतो.

हा सगळ्यात लाडका समज, आणि तो महाराष्ट्रातच तपासून झालेला आहे. २००७मध्ये ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ नावाची सेवा राज्यात सुरू झाली. वर्गणी भरली की बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ला मराठी एसएमएसने यायचा. पुढे दोन अर्थशास्त्रज्ञांनी राज्यातल्या शंभर गावांत प्रयोग केला. काही शेतकऱ्यांना ही सेवा वर्षभर फुकट दिली, काहींना दिली नाही, आणि दोन्ही गटांची तुलना केली. २०१२मध्ये निष्कर्ष छापून आला : हाती पडलेल्या दरात सरासरीने म्हणावा असा फरक नाही. वादळी पावसाने होणारे नुकसान कमी झाले नाही, वाण किंवा लागवडीची पद्धतही बदलली नाही. माल कोणत्या बाजारात न्यायचा आणि त्याची प्रतवारी करायची का, एवढ्यात थोडा बदल दिसला.

असे का व्हावे, हे ज्याने टोमॅटोचे क्रेट भरले आहेत त्याला विचारावे. पलीकडच्या बाजार समितीत क्रेटमागे वीस रुपये जास्त मिळताहेत हे कळले, तरी तिथवरचे गाडीभाडे कोण देणार? पिकलेला टोमॅटो उद्यापर्यंत थांबत नाही. त्यात लागवडीच्या वेळी ज्या आडत्याकडून उचल घेतली, त्याच्याच गाळ्यावर माल उतरवावा लागतो. शिवाय भाव आधी कळत नव्हता असे थोडेच आहे? काल बाजारातून परतलेला शेजारी तो सांगतच होता.

आता दुसरे उदाहरण घ्या. आयटीसी कंपनीने २०००पासून मध्य प्रदेशात सोयाबीनसाठी ‘ई-चौपाल’ सुरू केले. गावातल्या संगणकावर भाव दिसायचाच, शिवाय कंपनी आपल्या केंद्रावर थेट खरेदीही करायची. नंतरच्या अभ्यासात आढळले की या भागातल्या मंड्यांमधले सोयाबीनचे दर सरासरी एक ते तीन टक्क्यांनी वाढले. वाढ डोळे दिपवणारी नाही, पण खरी आहे. शेतकरी आता दुसरीकडे जाऊ शकतो, हे व्यापाऱ्याला ठाऊक झाले होते. नुसत्या एसएमएसने ती भीती निर्माण होत नाही.

१४ एप्रिल २०१६ला सुरू झालेल्या ‘ई-नाम’ या ऑनलाइन राष्ट्रीय कृषी बाजाराचेही घोडे इथेच अडते. दूरच्या खरेदीदाराने पडद्यावर बोली लावायची, तर मालाची प्रत त्याला विश्वासाने कळली पाहिजे. त्यासाठी तपासणीची यंत्रे, ती चालवणारी माणसे आणि वाहतूक लागते. यांवाचून पुष्कळदा त्याच बाजारातले तेच व्यापारी तोंडाऐवजी संगणकावर बोली लावतात.

गैरसमज : हवामानाचे ॲप आपल्या शिवारातला पाऊस सांगते.

हवामान विभाग, पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि भारतीय कृषी संशोधन परिषद यांनी २०१९मध्ये ‘मेघदूत’ ॲप काढले. त्यात पिकांचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, तो मुख्यतः जिल्ह्यासाठी. आता एकटा नाशिक जिल्हा बघा : घाटमाथ्यावर इगतपुरी चिंब, आणि येवला-सिन्नरकडे आभाळ नुसतेच भरलेले. म्हणून ॲप निकामी ठरत नाही. फवारणी आज करावी की दोन दिवस थांबावे, एवढे ठरवायला हा अंदाज पुष्कळ आहे. एका गटात पाऊस पडेल की नाही हे त्याला विचारू नये. पुण्याच्याच संस्थेचे ‘दामिनी’ ॲप वीज पडण्याचा धोका सांगते. ते तर गुराख्याच्या फोनमध्येही असावे.

या सल्ल्यामागे माणसे असतात, हेही विसरले जाते. जिल्ह्याचा अंदाज बघून स्थानिक पिकांना लागू पडेल असा मजकूर लिहिणारी १९९ जिल्हा कृषी-हवामान केंद्रे २०२४च्या सुरुवातीला बंद करण्यात आली. डिजिटल शेतीची भाषणे ज्या काळात जोरात होती, त्याच काळात हे घडले.

गैरसमज : ड्रोन बड्या बागायतदारांसाठी.

विकत घेणे खरेच परवडत नाही, पण विकत घेतो कोण? मळणीयंत्र जसे भाड्याने येते तसाच ड्रोनही येतो. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देऊन फवारणीची सेवा भाड्याने पुरवायची, हीच कल्पना आहे. रोग ओळखण्याचे काम मात्र फवारणीचा ड्रोन करत नाही. औषध चुकीचे निवडले तर तो तेही झपाट्याने मारतो.

गैरसमज : नोंदी ऑनलाइन झाल्या, म्हणजे सगळ्यांचे काम सोपे झाले.

अनेकांचे झाले, यात शंका नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो आणि त्यावर तलाठ्याचा शिक्का लागत नाही. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी आहे. शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद आपणच करायची. स्मार्टफोन नसला तरी अडत नाही, कारण एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. ‘तलाठी लावून घेईल’ म्हणून गप्प बसणाऱ्याची पिकाची नोंद कोरी राहू शकते, आणि हमीभावाच्या खरेदीला किंवा भरपाईला गेल्यावर ते लक्षात येते.

पण ही सगळी इमारत सातबाऱ्यावरच्या नावावर उभी आहे. १५ एप्रिल २०२५पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. तोही जमिनीच्या नोंदीला जोडलेला. दिवसभर शेतात राबणारी, पण जमीन सासऱ्याच्या नावावर असलेली बाई त्यात दिसत नाही. बटाईने कसणाराही दिसत नाही. बियाणे-खताला खर्च त्याने केला, गारपिटीने पीक त्याचे गेले, तरी मदतीची रक्कम मालकाच्या खात्यात पडते. त्यातले किती बटाईदाराकडे येईल, हे दोघांमधल्या तोंडी बोलीवर ठरते, आणि त्या बोलीसाठी एकाही ॲपमध्ये रकाना नाही.