रस्त्याला मुद्दाम चिरा का पाडतात?

मुलांनो, तुमच्या गल्लीतल्या सिमेंटच्या रस्त्यावर साधारण चार-साडेचार मीटरवर एक सरळ आडवी चीर दिसते ना? ती आपोआप पडलेली नाही. काँक्रीट ओतल्यावर काही तासांतच करवतीने ती कापतात. काँक्रीट वाळताना आकसते आणि तडकतेच. मग वेडेवाकडे तडकण्यापेक्षा आम्ही सांगू तिथे तडक, असा हा सौदा!

थंड देशांत रस्त्याचा शत्रू बर्फ. पाणी गोठले की नऊ टक्क्यांनी फुगते. पटत नसेल तर प्लास्टिकची बाटली काठोकाठ भरून, झाकण लावून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा (काचेची मुळीच नको हं!). काँक्रीटच्या बारीक छिद्रांतले पाणी असेच फुगते आणि पापुद्रे सुटतात. 1930 च्या दशकात अमेरिकेत लक्षात आले, की काही रस्ते मात्र टिकताहेत. कारण मोठे गमतीचे. त्यांचे सिमेंट दळताना चरबी मिसळली गेली होती, त्यामुळे काँक्रीटमध्ये असंख्य सूक्ष्म बुडबुडे राहिले. गोठणाऱ्या पाण्याला सरकायला जागा मिळाली! आता तिकडे असे बुडबुडे मुद्दाम सोडतात.

छत्रपती संभाजीनगरात रस्त्याला बर्फाची भीती नाही. इथे गाठ उन्हाशी. तापमान 30 अंशांनी वाढले, तर एक किलोमीटर काँक्रीट जवळजवळ 30 सेंटिमीटर लांबायला बघते. म्हणजे तुमची कंपासपेटीतली पट्टी दोनदा ठेवा, एवढे! शहराजवळून जाणारा समृद्धी महामार्ग तर 701 किलोमीटरचा, आणि काँक्रीटचाच. त्याचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला. चिरांमुळे ही लांबी तुकड्यातुकड्यांत वाटली जाते. एका तुकड्याच्या वाट्याला जेमतेम दीड मिलिमीटर येते. पण चिरेत खडी-माती घट्ट बसली, तर फुगायला जागाच उरत नाही. मग भर उन्हाळ्यात दोन तुकडे तंबूसारखे वर उचलले जाऊ शकतात. म्हणून चिरांत लवचीक मसाला भरतात. तो निघाला, की वेळीच पुन्हा भरायला हवा, आणि नेमके तेच राहून जाते.

शिवाय चिरेतून पावसाचे पाणी खाली उतरते ते वेगळेच. खाली आपली मराठवाड्याची काळी माती! पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर रस्ता नीट कसा बसणार? म्हणून वरची काळी माती काढून तिथे मुरूम दाबून भरतात. मुरूम तसा फुगत नाही.