मुलांचे दांत : वैद्य केव्हां व कोणता निवडावा?

“दुधाचेच दांत ते! आज ना उद्यां पडायचेच. त्यांच्यापायीं दंतवैद्याची पायरी कशाला चढावयाची?” हें वाक्य सुशिक्षित घरांतूनही सर्रास ऐकूं येतें. तींच घरें, मूल आठ वर्षांचें होऊन त्याचे पुढचे दांत जरा फांकलेले दिसले कीं, तार बसविण्यासाठीं उतावीळ होतात. आधींची बेफिकिरी आणि नंतरची घाई या दोहोंचें मूळ एकच : दांत येतात कसे आणि हलतात कसे, याची माहिती नसणें. श्रोतेहो, तेवढी माहिती आज आपण करून घेऊं. मग वैद्य कोणता व उपचार कोणता, हा निर्णय पुष्कळ सोपा होईल.

मुलास साधारणतः सहाव्या महिन्यापासून दांत येऊं लागतात आणि तिसऱ्या वर्षाच्या सुमारास २० दुधाचे दांत पुरे होतात. यांतील पुढचे दांत सहा-सात वर्षांच्या वयांत पडूं लागतात हें खरें; परंतु मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडांत राहावयाच्या असतात. चावणें व स्पष्ट बोलणें याखेरीज त्यांचें एक तिसरें कार्य आहे, आणि तेंच आपण विसरतों. आगगाडींत रुमाल टाकून जागा धरून ठेवावी, तशी त्या खालून येणाऱ्या कायमच्या दांतांची जागा धरून ठेवतात. कीड लागून अशी दाढ अकालीं काढावी लागली, तर शेजारचे दांत रिकाम्या जागेंत कलतात, आणि नवा दांत येतो तेव्हां त्यास वाट उरत नाहीं. मग तो आडवातिडवा उगवतो, किंवा हिरडींतच अडकून बसतो. म्हणून किडलेली दुधाची दाढ शक्य तों भरून वांचवावी. काढणें भागच पडलें, तर जागा राखणारी तारेची कडी बसवावी काय, हें वैद्यास अवश्य विचारावें.

याहून मोठी फसगत सहाव्या वर्षीं होते. त्या सुमारास दुधाच्या दाढांच्याही मागें, कोणताही दांत न पडतां, चार नव्या दाढा गुपचूप उगवतात. पडलें कांहींच नाहीं, तेव्हां या दुधाच्याच, असें घरचीं माणसें समजतात. वस्तुतः त्या कायमच्या असतात. गेल्या तर पुन्हां येत नाहींत. त्यांच्या माथ्यावरील खोल खांचांत अन्न अडकतें आणि तेथेंच कीड प्रथम लागते. त्या खांचा एका पातळ लेपानें बुजवून घेण्याची सोय आहे. त्यासाठीं दाढ कोरावी लागत नाहीं व मुलास दुखतही नाहीं. दाढ पुरती वर आली कीं हें काम करून घ्यावें. पुढचा पुष्कळ खर्च त्यानें वांचतो.

‘कीड’ हा शब्द आपली दिशाभूल करतो. दांतांत किडा नसतो. तोंडांतील जंतु साखरेवर पोसतात व आम्ल तयार करतात. त्या आम्लांत दांताच्या कठीण कवचांतील क्षार विरघळतात. लाळ तें नुकसान भरून काढूं पाहते, पण तिला मध्यें उसंत हवी. यास्तव जेवणाबरोबर खाल्लेला लाडू जितका बाधत नाहीं, तितकीं दिवसभर चघळलेलीं गोळ्याबिस्किटें बाधतात; आणि दुधाची बाटली तोंडांत घेऊन झोपी जाणें तर फारच घातक. फ्लोराइडयुक्त पेस्ट तीन वर्षांच्या आंत तांदुळाच्या दाण्याएवढी, पुढें सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी घ्यावी. मात्र चंद्रपूर, यवतमाळ यांसारख्या जिल्ह्यांतील कांहीं गांवीं जमिनींतील पाण्यांतच फ्लोराइड अधिक असतें व त्यानें दांतांवर डाग पडतात. तेथील पालकांनीं वैद्याचा सल्ला घ्यावा.

आतां वैद्याची निवड. मुलाचा पहिला वाढदिवस होण्याच्या आंत एकदां त्यास दाखवून आणावें. दुखूं लागल्यावर प्रथमच नेलेलें मूल वैद्यास भितें, आणि ती भीति जन्मभर पुरते. दंतवैद्याची पदवी बी. डी. एस.; त्यापुढें तीन वर्षें विशेष अभ्यास करून एम. डी. एस. होतां येतें. त्यांत मुलांचे दांत हा एक विषय व दांत सरळ करणें, म्हणजे ऑर्थोडॉन्टिक्स, हा दुसरा विषय असतो. दाढ भरणें, लेप देणें हीं कामें नेहमींचा चांगला दंतवैद्य करूं शकतो. तार बसवावयाची असेल तर त्या विषयांतला एम. डी. एस. पाहावा. राज्याच्या दंतपरिषदेंत नांव नोंदलेलें आहे ना, हें विचारण्यांत संकोच नको. खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथें सरकारी दंतमहाविद्यालयें आहेत. तेथें वेळ अधिक मोडतो, पण शिकाऊ हातांवर जाणत्या अध्यापकांची नजर असते.

तार काम कशी करते? दांत हाडांत खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्यावर हलका व सतत दाब दिला म्हणजे दाबाच्या बाजूचें हाड झिजतें, मागच्या बाजूस नवें भरतें, आणि दांत सरकतो. हें हळूंहळूंच व्हावयाचें. सामान्यतः दीड ते दोन वर्षें लागतात. एडवर्ड अँगल या अमेरिकन तज्ज्ञानें १८९९ सालीं दांतांच्या ठेवणीचें जें वर्गीकरण केलें तें आजही वापरांत आहे, आणि त्याची किल्ली वर सांगितलेली सहाव्या वर्षाची दाढच होय.

सात ते अकरा वर्षांच्या दरम्यान वरचे पुढचे दांत पंख्यासारखे फांकतात. अँडरसनच्या गोष्टींतील कुरूप बदकपिल्लाचें नांव वैद्यकानें या अवस्थेस दिलें आहे. सुळे उतरले कीं फट बहुधा आपोआप मिटते. तेथें धीर धरावा. परंतु खालचे दांत वरच्यांच्या पुढें येत असतील, चावतांना जबडा एका बाजूस सरकत असेल, चार वर्षांनंतरही अंगठा चोखणें सुटलें नसेल, किंवा मूल सदा तोंडानें श्वास घेत असेल, तर थांबूं नये. एरव्हीं सातव्या वर्षीं तज्ज्ञाची एक तपासणी पुरते. वरचे दांत फार पुढें आलेले असतां, लौकर आरंभिलेल्या दोन टप्प्यांच्या उपचाराचें व तेराव्या-चौदाव्या वर्षीं केलेल्या एकाच उपचाराचें अंतिम फळ बहुतांशीं सारखेंच येतें. लौकर केल्यानें पडून-आपटून दांत फुटण्याचा धोका मात्र कमी होतो. आणखी एक गोष्ट शिक्षक या नात्यानें सांगतों. हसतांना तोंडावर हात धरणारीं मुलें मीं वर्गांत पुष्कळ पाहिलीं. चिडवण्यानें मूल मिटून जात असेल, तर तेंही लौकर उपचार करण्याचें रास्त कारण होय.

वैद्यास तीन प्रश्न विचारावे. हा उपचार आत्तांच कां? थांबल्यास काय होईल? सांगितलेल्या खर्चांत तार काढल्यानंतरची, दांत जाग्यावर राखणारी पट्टी धरली आहे काय? ती पट्टी न वापरल्यास दांत जुन्या जागीं परतूं लागतात. तारेऐवजीं पारदर्शक साचे घेतले, तर ते दिवसांतून वीस-बावीस तास घालावे लागतात. तेवढी शिस्त आपल्या मुलाच्या अंगीं आहे काय, हें पालकांनींच ओळखावें. हे प्रश्न ऐकून जो वैद्य रागावत नाहीं, उलट कागदावर चित्र काढून समजावतो, तो बहुधा योग्य वैद्य समजावा.

घरांत सहा-सात वर्षांचें मूल असेल, तर आज रात्रीं त्याच्या तोंडांत उजेड धरून सर्वांत मागची दाढ पाहावी. ती कायमची आहे. तिच्यावर काळा ठिपका दिसला, तर परीक्षा संपण्याची किंवा सुटी लागण्याची वाट पाहूं नये.