नकाराचं गाणं नीट ऐका!

कराओकेला आपण ज्या गाण्यावर सगळ्यात जोरात ओरडतो, ते गाणं एखाद्याने मदत नाकारल्याचं असू शकतं. नशेवरची गाणी ऐकायची तरी कशी? घटकाभर ठेका बाजूला ठेवू या...

शुक्रवारची रात्र. अप्रेझल एकदाचं संपलंय, टीम लीडने पहिला राउंड दिलाय आणि कोपऱ्यातल्या कराओके मशीनवर अकाउंट्समधल्या मुलीने एमी वाइनहाउसचं 'रिहॅब' लावलंय. ध्रुवपद आलं की अख्खं टेबल ओरडतं. ज्याला पुढची ओळ येत नाही, तोही नकार मात्र ठणकावून देतो. शिट्ट्या, टाळ्या, फोटो. फुल्ल धमाल!

आता एक करा. घरी गेल्यावर तेच गाणं हेडफोनवर लावा आणि फक्त शब्द ऐका. एका तरुणीला तिची माणसं उपचारांना पाठवू बघतायत आणि ती एकामागून एक कारणं पुढे करतेय. वेळ नाही. वडिलांना तर काही काळजी वाटत नाही. तिथे जाऊन नवीन काय शिकणार? त्यापेक्षा आपल्या आवडीच्या रेकॉर्ड्स बऱ्या. ऐकायला ही बंडखोरी वाटते. पण व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, अशी यादी त्यांना तोंडपाठ असते.

कारणांची यादी

या गाण्यामागची गोष्ट साधीच आहे. एमी आणि तिचा प्रोड्यूसर मार्क रॉन्सन न्यूयॉर्कमध्ये रस्त्याने चालले होते. आपल्याला उपचारांना पाठवायचा प्रयत्न झाला आणि आपण तो कसा उडवून लावला, हे ती बोलता बोलता सांगत होती. तिच्या बोलण्यातली लय रॉन्सनने टिपली. अरे, हे तर गाणं आहे! २००६ मध्ये ते बाजारात आलं आणि फेब्रुवारी २००८ च्या ग्रॅमी सोहळ्यात एमीला मिळालेल्या ५ पुरस्कारांपैकी ३ या एकट्या गाण्याने आणले. त्या रात्री ती अमेरिकेत नव्हतीच. व्हिसाच्या घोळामुळे ती लंडनहून सॅटेलाइटवर गायली. त्याच्या काही दिवस आधीच, जानेवारीत, तिला उपचारांसाठी दाखल व्हावं लागलं होतं. आणि सोहळ्यात ती गात होती काय, तर उपचार न घेण्याचं गाणं.

२३ जुलै २०११ ला लंडनमधल्या कॅम्डनच्या घरात ती मृतावस्थेत सापडली. वय २७. ड्रग्ज नव्हे, शेवटी दारूने घात केला. तिच्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ४१६ मिलिग्रॅम अल्कोहोल होतं. तिथे गाडी चालवणाऱ्यासाठीची मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे.

पण खरी गंमत (गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही) आहे ती गाण्यात आलेल्या दोन नावांची. उपचारांना जाण्यापेक्षा ती दोन गायकांची सोबत पसंत करते. एक रे चार्ल्स, दुसरा डॉनी हॅथवे. पार्टीत ही नावं कानावरून निघून जातात. पण हे दोघं कोण?

रे चार्ल्स कित्येक वर्षं हेरॉइनच्या आहारी गेला होता. १९६४ मध्ये बॉस्टनच्या विमानतळावर तो पकडला गेला. मग तुरुंग टाळण्यासाठी का होईना, पण तो हॉस्पिटलात दाखल झाला, सुटला आणि २००४ पर्यंत जगला. डॉनी हॅथवे गंभीर मानसिक आजाराशी झगडत होता. जानेवारी १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खिडकीतून पडून तो गेला. वय ३३.

म्हणजे बघा, उपचार नकोत म्हणताना तिने आधार घेतला तो दोघांचा. एक उपचार घेऊन वाचला आणि दुसरा आजारातून सुटू शकला नाही. हे तिने मुद्दाम केलं का? तसं म्हणायला काही पुरावा नाही आणि आपल्याला त्याची गरजही नाही. गाणाऱ्याला जे कळलेलं नसतं, तेही कधी कधी गाण्याला कळलेलं असतं.

कोड फोडायचा खेळ

आपण मात्र अशी गाणी वेगळ्याच पद्धतीने 'सोडवतो'. हॉस्टेलच्या रूमवर रात्री दोन वाजता एक जण तरी असतो, जो गुपित फोडल्याच्या थाटात सांगतो, "माहितीये का? हे गाणं ड्रग्जवर आहे!"

या खेळातलं सगळ्यात प्रसिद्ध गाणं म्हणजे बीटल्सचं १९६७ चं 'ल्युसी इन द स्काय विथ डायमंड्स'. नावातली आद्याक्षरं जुळवली की एलएसडी. संपला विषय! जॉन लेनन मात्र शेवटपर्यंत सांगत राहिला की छोट्या ज्युलियनने शाळेतून मैत्रिणीचं चित्र काढून आणलं, त्यातून हे नाव आलं. पॉल मॅकार्टनीने २००४ मध्ये एका मुलाखतीत मान्य केलं की गाण्यावर एलएसडीचा प्रभाव होता, हे उघडच आहे. म्हणजे चित्रही खरं आणि असरही खरा. गंमत म्हणजे त्याच बीटल्सचं १९६६ चं 'गॉट टू गेट यू इन्टू माय लाइफ' लोक साधं प्रेमगीत म्हणून गात राहिले. ते गांजावर आहे, हे पॉलने पुढे स्वतःच सांगितलं. जिथे कोड शोधला तिथे लहान मुलाचं चित्र निघालं आणि जिथे शोधला नाही तिथे गांजा!

'पफ, द मॅजिक ड्रॅगन'चंही तेच. १९६३ च्या या बालगीतावर गांजाचा शिक्का बसला. पीटर यॅरो आयुष्यभर सांगत राहिला की बाबांनो, हे बालपण संपण्याचं गाणं आहे. पिंक फ्लॉइडचं १९७९ चं 'कम्फर्टेबली नंब' तर नशेचं राष्ट्रगीत असल्यासारखं वाजवलं जातं. त्याचं मूळ १९७७ च्या फिलाडेल्फियातल्या एका कार्यक्रमात आहे. पोट दुखणाऱ्या रॉजर वॉटर्सला डॉक्टरने इंजेक्शन दिलं आणि त्याला स्टेजवर उभं केलं. हातात बधिरपणा, समोर हजारो लोक. हे झिंगणाऱ्याचं गाणं नाहीच. शो चालू राहावा म्हणून ज्याला औषध टोचलं जातं, त्याचं आहे. डेडलाइनच्या आठवड्यात पेनकिलर घेऊन ऑफिस गाठणाऱ्यांना ते जास्त कळेल!

थोडक्यात, 'हे ड्रग्जवर आहे का?' या प्रश्नाला फार तर हो किंवा नाही मिळतं. त्याने गाणं काही उघडत नाही. त्यापेक्षा दुसरे दोन प्रश्न विचारा. बोलतंय कोण? आणि कोणत्या वेळी?

दमाची वेळ, राखेची वेळ

आपल्या घरचंच उदाहरण घ्या. १९७१, देव आनंदचा 'हरे रामा हरे कृष्णा', आनंद बक्षींचे शब्द, पंचमचं संगीत, आशाताईंचा आवाज. 'दम मारो दम'. शब्दांत झिंग कमी आणि जगावरची चीड जास्त आहे. बोलते आहे ती जसबीर. आईवडिलांच्या भांडणात घर फुटलेली, काठमांडूच्या हिप्पींमध्ये जेनिस बनून राहणारी मुलगी. गाण्यातली वेळ आहे दम लागल्याची, म्हणजे जगाला फाट्यावर मारता येतं ती वेळ. सिनेमात लगेच पुढे किशोरकुमारच्या आवाजात देव आनंद उत्तराचं गाणं गातो, 'देखो ओ दीवानों'. आणि शेवटी जसबीर आत्महत्या करते.

या तिन्हीतलं आपल्याला काय आठवतं? पहिलं. फिल्मफेअरही त्यालाच मिळालं. २०११ मध्ये गोव्यातल्या ड्रग माफियावरच्या सिनेमाला नाव दिलं गेलं तेही त्याच गाण्याचं आणि गाणं पुन्हा नाचायलाच वापरलं. उत्तर आणि शेवट, दोन्ही कुठल्या कुठे गेलं.

हा दोष आपला एकट्यांचा नाही. सुरावट फसवते. थर्ड आय ब्लाइंडचं १९९७ चं 'सेमी-चार्म्ड लाइफ' ऐका. असं उड्या मारणारं, उन्हासारखं गाणं की मेथच्या व्यसनाबद्दल आहे हे कानाला पटतच नाही. पण स्टीफन जेनकिन्सने ती चकाकी मुद्दाम ठेवली, कारण नशा अशीच भुलवते. चाल म्हणजे नशा आणि शब्द म्हणजे दुसरा दिवस. आपण चालीवरच नाचून घरी येतो.

आणि काही गाणी तर सोडल्यानंतरच्या वेळेची असतात. रेड हॉट चिली पेपर्सचं 'अंडर द ब्रिज' (१९९१) म्हणजे लॉस एंजेलिस शहराचं प्रेमगीत, असं आपण समजतो. अँथनी कीडिसने ते लिहिलं तेव्हा त्याची नशा सुटली होती. बँडचा गिटारिस्ट आणि त्याचा जिवलग दोस्त हिलेल स्लोव्हाक १९८८ मध्ये हेरॉइनने गेला होता. आता बँडमधले इतर जण ओढत असताना तो त्यांच्यात एकटा पडला होता. व्यसन सुटल्यावर सगळं छान होतं, असं आपल्याला वाटतं. हे गाणं सांगतं की सुटल्यावर आधी येतो तो एकटेपणा. शुक्रवारी टेबलावर लिंबू सोडा मागवणाऱ्या मित्राकडे कधी नीट बघितलंत?

बाजूला उभा असलेला

तिसरा आवाज असतो बघणाऱ्याचा. नील यंगचं 'द नीडल अँड द डॅमेज डन' १९७२ च्या 'हार्वेस्ट' अल्बममधलं. एक गिटार, एक आवाज, जेमतेम दोन मिनिटं. समोर होता त्याचा गिटारिस्ट मित्र डॅनी व्हिटन, हेरॉइनमध्ये बुडत चाललेला. गाणं आलं तेव्हा डॅनी जिवंत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तालमीत त्याला वाजवता येईना, म्हणून नीलने त्याला ५० डॉलर आणि परतीचं तिकीट देऊन घरी पाठवलं. त्याच रात्री डॅनी गेला.

गाण्यात उपदेश नाही. मी बघितलं आणि मला काही करता आलं नाही, एवढंच. ज्याच्या घरात असं कुणी आहे त्याला ते लगेच समजतं.

आणि कधी शब्द तेच राहतात, बोलणारा बदलतो. 'हर्ट' हे ट्रेंट रेझनरने १९९४ मध्ये नाइन इंच नेल्ससाठी लिहिलं, तेव्हा तो तिशीच्या आतला होता. २००२ मध्ये ते सत्तरीच्या जॉनी कॅशने गायलं. ऐन भरात गोळ्यांच्या व्यसनाने पोखरलेला, आता आजारी, थरथरता आवाज. त्याने एक शिवी काढून तिथे काटे घातले, ख्रिस्ताच्या मुकुटाचे. बाकी सगळं तसंच. तरुणाच्या तोंडी जी स्वतःला संपवायची भाषा होती, ती म्हाताऱ्याच्या तोंडी हिशोबाची झाली. व्हिडिओ पाहून रेझनरलाच वाटलं की हे गाणं आता आपलं राहिलं नाही. पुढच्याच वर्षी कॅश गेला.

कोर्टात गेलेली नशा

गाण्याचा अर्थ कधी थेट कोर्टातही जातो. २०१६ चा 'उडता पंजाब' सेन्सॉर बोर्डात अडकला आणि १३ जून २०१६ ला मुंबई हायकोर्टाने एका कटसह तो मोकळा केला. वाद काय होता? दाखवणं म्हणजे पसरवणं का? मजा अशी की सिनेमा स्वतःच हा प्रश्न आधी विचारून बसलाय. शाहिद कपूरचा टॉमी सिंग नशेची गाणी गाऊन स्टार झालेला. तुरुंगात त्याला दोन पोरं भेटतात, त्याचे कट्टर फॅन. नशेच्या पैशांसाठी त्यांनी आईला मारलेलं असतं. आपल्या गाण्यांचा अर्थ कुणी कसा लावला, ते टॉमीला त्या कोठडीत कळतं.

तिकडे 'चिट्टा', आपल्याकडे 'गर्द'. अनिल अवचटांच्या 'गर्द' पुस्तकामुळे हा शब्द मराठी घराघरात पोचला आणि १९८६ मध्ये पुण्यात अवचट दांपत्याच्या पुढाकाराने 'मुक्तांगण' उभं राहिलं. तिथे दाखल होणाऱ्या कितीतरी जणांनी त्याआधी घरी, ऑफिसात एमीची यादीच ऐकवलेली असेल. वेळ नाही. मी ठीक आहे. सोमवारपासून बंद.

म्हणून पुढच्या शुक्रवारी 'रिहॅब' लागलं तर खुशाल गा. गाणं जबरदस्तच आहे. पण टेबलावरचा एखादा गाणं संपल्यावरही तोच नकार देत असेल, तर त्याला टाळ्या देऊ नका. त्याच्याबरोबर रिक्षात बसा, घरी सोडा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळं उतरल्यावर, त्याला फोन करा.

प्लेलिस्ट लावण्याआधी...

• बोलतंय कोण? नशेत असलेला, सोडलेला की बाजूला उभा असलेला?

• वेळ कोणती? झिंगेची, तलफेची की दुसऱ्या दिवशी सकाळची?

• चाल आणि शब्द एकच गोष्ट सांगतायत का? नसतील, तर शब्दांवर विश्वास ठेवा.

• गाण्यात कुणाचं नाव आलंय? त्याची गोष्ट शोधून वाचा.

• गाण्यातली कारणं ओळखीची वाटतायत? कुणाच्या तोंडून ऐकलीत ते आठवा. स्वतःच्या तोंडून असतील तरीही! व्यसनमुक्तीच्या मदतीसाठी केंद्र सरकारची टोल-फ्री हेल्पलाइन आहे, १४४४६.